सत्तेचाळीस बाय दोन

शनिवारी सकाळी चहाच्या आधी सुप्रीता त्या आठवड्यात गेलेल्या पेशंटांची नावं वाचायची आणि मग सगळ्यांनी मिनिटभर डोळे मिटून बसायचं, अशी संस्थेत पद्धत होती. विल्सन गार्डनमध्ये एका दवाखान्याच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस. ज्यांच्यावर आता इलाज उरलेला नाही अशा कॅन्सरच्या माणसांकडे घरी नर्स पाठवायच्या, त्यांच्या वेदना आटोक्यात ठेवायच्या, घरच्यांशी दोन शब्द बोलायचे, एवढंच तिथलं काम. कस्तुरी त्या कामातली नव्हती. ती कोरमंगलातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायची आणि सुटीच्या दिवशी संस्थेला मदत करायची. नर्सनी रोज कुठल्या घरी कुठल्या क्रमाने जायचं याच्या याद्या पूर्वी सुप्रीता हाताने करायची; आता कस्तुरीने लिहिलेला प्रोग्राम एक्सेलची फाइल वाचून त्या याद्या काढायचा. त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं, आणि त्या कौतुकाची ऊब अजून अंगावर असतानाच ती त्या शनिवारी आली होती. सुप्रीताने शेवटचं नाव वाचलं, "हयवदनराव, चामराजपेट." सगळ्यांनी डोळे मिटले. खाली दवाखान्यात कुणीतरी खोकत होतं. तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीवरून पवित्रा, चामराजपेटची नर्स, कन्नडमध्ये हळूच म्हणाली, "ते तर मागेच गेले ना?"

"नाही. परवा मंगळवारी," सुप्रीता म्हणाली. "बायकोचा फोन आला होता. एअर बेड घेऊन जा म्हणाली, तेरावा झाल्यावर."

"मग माझ्या यादीत कसे नव्हते?"

कस्तुरीला आता बोलण्यापुरती नाही तरी समजण्यापुरती कन्नड येत होती. तिने डोळे उघडले नाहीत. मिनिट केव्हाच संपलं होतं, खुर्च्या सरकल्याचे, कपांचे आवाज येत होते, तरी ती मिटल्या डोळ्यांच्या आत बसून राहिली. यादीतून नाव गेलं की नर्स विचारत नसत. या कामात नाव जाण्याचा अर्थ एकच असतो, आणि तो अर्थ दर आठवड्याला विचारून घेण्याची कुणाला हौस असणार? पवित्राने एके सकाळी यादी पाहिली असेल, हयवदनराव दिसले नसतील, ती क्षणभर थांबली असेल आणि स्कूटरला किल्ली लावून पुढच्या घराकडे निघाली असेल. आणि तिकडे माणूस जिवंत होता. कस्तुरीला हे सगळं एकदम, एखादं चित्र पाहावं तसं कळलं. का झालं तेही तिला जवळजवळ त्याच क्षणी कळलं होतं, पण तिने ते थोडं लांबवलं. चहा घेतला. कुणीतरी पुढे केलेलं बिस्किट खाल्लं. मग कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला, आणि तिच्याच हाताने लिहिलेली ती ओळ सापडायला काहीच वेळ लागला नाही.

ती ओळ घर नंबरच्या रकान्याची होती. सुरुवातीला तिने तो रकाना जसा आहे तसा, मजकूर म्हणून वाचला होता. घर नंबर हा आकडा नसतोच. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नसते ते सगळं मजकूर म्हणून वाचायचं, हे ऑफिसात नवीन आलेल्या पोरांना तिने स्वतः शिकवलं होतं. पण मजकूर म्हणून वाचलं की क्रम अक्षरांप्रमाणे लागतो, शंभर नंबरचं घर वीसच्या आधी येतं. पहिल्यांदा यादी दाखवली तेव्हा सुप्रीता हसली होती, "हे काय, नर्सला उड्या मारायला लावतेस का?" साधंच हसणं. पण कस्तुरीला ते लागलं होतं. त्या रविवारी तिने घाईघाईत तो रकाना आकड्यांचा करून टाकला. जे आकडा होऊ शकत नाही तिथे रिकामी जागा सोड, असं प्रोग्रामला सांगितलं. त्या सूचनेचं इंग्रजी नाव 'कोअर्स', म्हणजेच सक्ती. फाइलच्या वरच्या ओळी नव्या लेआउटमधल्या, आखीव वसाहतींतल्या घरांच्या होत्या, बारा, अठरा, एकशे चार. क्रम सुरेख लागला. खाली कुठेतरी जुन्या वस्तीतले नंबर होते, तेरा-ए, बावीस बाय एक, सत्तेचाळीस बाय दोन. ते सगळे निमूटपणे रिकामे झाले. आणि पत्ता अपुरा असलेल्या ओळी नर्सच्या यादीत घ्यायच्या नाहीत, हा नियम तिनेच आधी, फार विचार करून, नर्सची खेप वाया जाऊ नये म्हणून घातला होता. कुठेही लाल अक्षर आलं नाही, प्रोग्राम अडला नाही. हयवदनराव फाइलमध्ये होते, फोन नंबरासकट, औषधांसकट, आणि यादीत नव्हते.

तिने ती ओळ दुरुस्त केली. सगळे रकाने मजकूर म्हणून वाच. क्रमासाठी वेगळी सोय करता येत होती, तीही केली. चहाचा कप अजून गरम होता. इतकं थोडं काम होतं याचीच तिला आता शिसारी आली. फार अवघड, गुंतागुंतीचं काही असतं तर त्यामागे उभं राहता आलं असतं. नवीन यादीत चार नावं परत आली. त्यातली तीन माणसं जिवंत होती आणि त्यांच्याकडे नर्स जात होत्या, कारण त्यांच्या घरून फोन आले होते आणि सुप्रीताने ती नावं रोज हाताने घातली होती. हे पाहिल्यावर मात्र कस्तुरीला एक मेसेज आठवला. सुप्रीताने तिला कळवलं होतं. तीन-चार नावं येत नाहीयेत, मी हाताने घालतेय, सवडीने बघशील का. मेसेज आला तेव्हा कस्तुरी ऑफिसातल्या मंडळींबरोबर सकलेशपूरला निघाली होती, गाडीत गाणी चालू होती, बाहेर कॉफीचे मळे सुरू झाले होते. तिने अंगठा पाठवला. परतल्यावर पाहू. परतल्यावर ऑफिसात नव्या आवृत्तीचं रिलीज आलं, मग आणखी काही आलं, आणि तो अंगठा तसाच वर राहिला. तीन-चार यातला चौथा कोण, हे सुप्रीताला माहीत नव्हतं. तिने ते अंदाजाने लिहिलं असणार. पण प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला ते एका मिनिटात कळलं असतं.

तिने सुप्रीताला बाजूला बोलावून सांगितलं. दोघी आपसांत हिंदी-इंग्रजीत बोलायच्या. सुप्रीता चाळिशीची, मूळची शिमोग्याची, रोज मरणाशी गाठ असलेल्या माणसाचं एक निवांत बोलणं असतं तसं तिचं बोलणं. तिने सगळं ऐकून घेतलं, खिडकीबाहेर बघत राहिली, मग म्हणाली, "चूक माझीही आहे. हाताने घालताना मी पूर्ण फाइल ताडून बघायला हवी होती."

"तू मला सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं. असू दे. ते जाणारच होते, कस्तुरी. महिन्याभराचा प्रश्न होता."

"मॉर्फिनच्या गोळ्या किती दिवस पुरल्या असतील?"

सुप्रीता टेबलावरचे रिकामे कप गोळा करायला लागली. म्हणजे फार पुरल्या नसणार. "घरच्यांना आता काही सांगायला जाऊ नकोस," थोड्या वेळाने ती म्हणाली. "त्यांचं दुःख कुठेतरी बसायला लागलं असेल. आपल्या मनावरचं ओझं उतरवायला त्यांचं घर कशाला?" हे बोलणं कस्तुरीला पटलं. पटलं म्हणून हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

मॉर्फिनची गोळी वेळेवर मिळाली नाही तर काय होतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. नागपूरला ती कॉलेजात असताना तिचे वडील गेले, हाडांपर्यंत पोचलेल्या कॅन्सरने. आधी कुणाला ठाऊकच नव्हतं की अशी गोळी असते, अशी नर्स असते. त्या दिवसांत बाबा कण्हायचे नाहीत, तसे ते भिडस्त होते; ते दातांवर दात दाबून एक बारीक, न थांबणारा आवाज काढायचे, आणि आई स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावायची. भांड्यात काही नसायचं. रिकामा मिक्सर घरघरत राहायचा आणि आई ओट्याला टेकून उभी असायची. मग कुणीतरी पत्ता दिला, एक केरळी नर्स घरी यायला लागली, आणि चार दिवसांत बाबा उशीला टेकून बसले, रेडिओ लाव म्हणाले, फार उकडतंय म्हणून कुरकुर केली. त्या कुरकुरीचा आईला किती आनंद झाला होता. शेवटचे काही आठवडे घरात माणूस होता. त्याआधी घरात फक्त दुखणं होतं. बेंगळुरूला आल्यावर या संस्थेचं नाव कानावर आलं तेव्हा कस्तुरी आपण होऊन गेली, ती त्या नर्सची आठवण ठेवून. आणि मग तिने एका घरातली नर्स काढून घेतली. रात्रंदिवस नाही, पण भलत्या वेळी हे तिच्यापुढे येऊन उभं राहायचं: मीटिंगमध्ये कुणी पडद्यावर आलेख दाखवत असताना, सोनी वर्ल्डच्या सिग्नलला स्कूटरवर एक पाय टेकलेला असताना, हॉटेलात शेजारच्या टेबलावरची मुलं डोशावरून भांडत असताना. ती मनातल्या मनात त्या घराला जाब विचारायची. फोन का नाही केला? बाकीच्या तिघांनी केला. माणूस तळमळत असताना कुणी गप्प कसं बसतं? हा प्रश्न तिला आवडायचा. त्याच्या आडोशाला थोडा वेळ उभं राहता यायचं. मग ओट्याला टेकलेली आई आठवायची आणि आडोसा जायचा.

एका दुपारी तिने नागपूरला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "आई, बाबांच्या वेळी ती सिस्टर मधेच यायची बंद झाली असती तर तू काय केलं असतंस?"

"पण आली ना ती. शेवटपर्यंत आली," आई म्हणाली. "आता काहून काढून राहिली ते?"

"सहज. फोन केला असतास ना तू तिला?"

"माहीत नाही बा. केला असता. किंवा वाटलं असतं की आपलंच काही चुकलं." मग म्हणाली, "तुझी तब्येत बरी आहे ना? आवाज कसा येऊन राहिला तुझा."

तेरावा झाल्यानंतरच्या रविवारी पवित्रा एअर बेड आणायला जाणार होती, तेव्हा कस्तुरी तिच्याबरोबर निघाली. बेड उचलायला हात लागेल, एवढंच तिने सांगितलं. सुप्रीताच्या खरं कारण लक्षात आलं असावं, पण तिने अडवलं नाही. दोघी मेट्रोने मार्केटला उतरल्या आणि तिथून चामराजपेटपर्यंत चालत गेल्या. रविवार असूनही फुलांच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पवित्रा एरवी सारखी बोलणारी मुलगी, पण आज मेट्रोतून उतरल्यापासून बोलत नव्हती. एका वळणावर तिने एकदम सांगितलं, "मी या रस्त्याने रोज जात होते. इथून दोन घरं पुढे एक अज्जी आहेत, त्यांच्याकडे." कस्तुरी म्हणाली, "तुझी काही चूक नाही." पवित्रा म्हणाली, "माहीत आहे. वर नुसतं बघितलं असतं तर दिसलं असतं, खिडकीत बसायचे." घर जुन्या रस्त्यावरचं, अरुंद, खाली शिवणयंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान, बाजूने वर जाणारा जिना. जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर निळ्या पत्र्याची पट्टी होती, ४७/२. कस्तुरीने ती अक्षरं पडद्यावर इतक्यांदा पाहिली होती की ती खरोखरच्या भिंतीवर असतील, त्यांवर गंज असेल, खिळ्याखाली चुना ओघळलेला असेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

दार श्यामलाबाईंनी उघडलं. हयवदनरावांची बायको, सत्तरीच्या आसपासची, लहानखुरी, स्वच्छ सुती साडीतली बाई. पवित्राला पाहून त्या दारातच थबकल्या, मग बाजूला झाल्या. पवित्रा कन्नडमध्ये काहीतरी बोलली, दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि सोडले. बेड आतल्या खोलीत हवा काढून, धुऊन, नीट गुंडाळून ठेवलेला होता. उचलायला दोघींची गरजही नव्हती. कस्तुरीचं आडनाव कळल्यावर बाई मराठीत बोलायला लागल्या. "तुम्ही मराठी? कुठल्या?"

"नागपूरची."

"ओहो, लांबच्या. आमची मराठी ऐकून हसू येईल तुम्हाला. निम्मं कन्नड आमच्यात. बसा. स्वल्प कापी करते."

पवित्रा बेड घेऊन खाली गेली, ऑटो मिळाला की हाक मारते म्हणून. कस्तुरी बसली. समोरच्या भिंतीवर हयवदनरावांचा हार घातलेला फोटो होता, चेहऱ्यावर कपाळभर रेषा, ओठ आता काहीतरी सांगणार असल्यासारखे उघडे. सर्व्हे खात्यात होते, बाई आतून सांगत होत्या, जन्मभर गावोगाव हिंडले, घरी आले की बोलत सुटायचे, कुठला ओढा, कुठला डोंगर, कुणाच्या घरी काय जेवले. कॉफीचे पेले घेऊन त्या बाहेर आल्या आणि समोर बसल्या. थोडा वेळ दोघी कॉफी पीत राहिल्या. मग बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "ती सिस्टर पोर रागावलेली दिसली नाही हो."

"रागावेल कशाला?"

"मी तिला बोलले होते ना." त्यांनी पेला खाली ठेवला. "मागच्या वेळी आली तेव्हा. त्या गोळ्या घेतल्यावर हे सारखे निजायचे. दुखायचं नाही, खरं आहे. पण बोलणंच बंद. मी शेजारी बसून असायची आणि हे दुसरीकडेच. मी म्हटलं, सिस्टर, या गोळ्या बेडा, नकोतच. दुखू दे स्वल्प, पण माणूस जागा राहू दे. ती म्हणाली, डॉक्टरांना विचारते. मग ती आलीच नाही. मला वाटलं, रागावल्या. मीच तोंडाने नको म्हटलेलं, आता कुठल्या तोंडाने बोलावू? फोन हातात घ्यायची, ठेवायची. घरातल्या गोळ्या संपल्या. कोपऱ्यावरच्या मेडिकलातून साध्या गोळ्या आणून दिल्या. त्यांनी काय होतंय?" त्यांचा आवाज तसाच सपाट होता, हे सगळं त्यांनी स्वतःला पुष्कळदा सांगितलेलं होतं. "मग जागे राहिले. मला हवे होते तसे. रात्र नाही, दिवस नाही, जागे."

कस्तुरीच्या हातातला पेला तापलेला होता, पण तो कुठे ठेवावा हे तिला सुचेना. आई फोनवर म्हणाली होती तेच ही बाई सांगत होती, आणि इतके दिवस कस्तुरी जिला जाब विचारत होती ती हीच. आत्ता उठता येईल. कॉफी छान होती म्हणायचं, नमस्कार करायचा, पवित्राची हाक आलीच समजायचं. सुप्रीताने सांगितलंय, सांगू नकोस. तिला जाणवलं की सुप्रीता बोलली ती आपल्या ओझ्याबद्दल. इथे या बाईच्या डोक्यावर जे आहे त्याबद्दल सुप्रीताला काही माहीत नव्हतं. आणि हेही जाणवलं की आपण आता सांगणार आहोत, पण ते धैर्य वगैरे नाही, दुसरं काही करणं अशक्य झालंय म्हणून.

"सिस्टर रागावल्या नव्हत्या," ती म्हणाली. "तुमच्या बोलण्यामुळे काहीच झालं नाही. त्या आल्या नाहीत ते माझ्यामुळे."

"म्हणजे?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"नर्सनी कुठे जायचं ती यादी कॉम्प्युटर काढतो. तो प्रोग्राम मी लिहिलाय. घर नंबर म्हणजे नुसता आकडाच असणार असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. तुमचा नंबर सत्तेचाळीस बाय दोन. मधे ती रेघ आहे, म्हणून त्याला तो आकडा वाटला नाही. त्याने तो पुसला, आणि पत्ता नाही म्हणून नावच यादीत घेतलं नाही. पवित्राला वाटलं, हयवदनराव गेले. या कामात नाव दिसेनासं झालं की तसंच समजतात." तिने पेला खाली ठेवला. "काही नावं येत नाहीयेत असं मला एकदा कळवलंही होतं. मी बघितलं नाही. फिरायला गेले होते. बघितलं असतं तर त्याच दिवशी नर्स आली असती."

खाली दुकानात कुणीतरी शिवणयंत्राचं चाक फिरवून बघत होतं. बाईंनी पदराने पेल्याखालचा ओला गोल पुसला. मग म्हणाल्या, "आधी नुसतं सत्तेचाळीस होतं. मामंजी गेल्यावर वाटणी झाली, खालचं दिरांना आलं, वरचं आम्हाला. तेव्हा बाय दोन झालं. यांनीच ती पाटी करून आणली होती." त्या बोलत होत्या पण दुसऱ्याच कुठल्या गोष्टीपर्यंत पोचायचा प्रयत्न करत असाव्यात. "म्हणजे मी नको म्हटलं म्हणून नाही."

"नाही."

"नक्की?"

"नक्की. पवित्राने डॉक्टरांना विचारलं होतं. गोळी जरा कमी करून पाहू म्हणाले होते ते. पुढच्या खेपेला ती तेच सांगणार होती." हे आज सकाळी मेट्रोत पवित्राकडून कळलं होतं. तेव्हा कस्तुरीने मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं होतं, बोगद्यात काही दिसत नसताना.

"कमी केली असती," बाई पुटपुटल्या. आणि मग, "पण फोन तर मी केला नाही."

हे वाक्य कस्तुरीला इतके दिवस हवं होतं. ते आता समोर होतं, त्या बाईने स्वतःच्या हाताने पुढे केलेलं, आणि ते घेता येत नव्हतं. "तुम्ही फोन करायची गरजच पडायला नको होती," ती म्हणाली. "सिस्टर यायलाच हवी होती." श्यामलाबाईंनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, रडल्या नाहीत, माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी कस्तुरीकडे नीट, चेहरा लक्षात ठेवावा तसं पाहिलं. "हे तू कावेरीला सांगशील?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच त्या तू म्हणाल्या.

कावेरी त्यांची मुलगी, म्हैसूरला कॉलेजात शिकवते. शेवटच्या दोन दिवसांत ती आली होती. बापाची अवस्था पाहून तिने विचारलं, नर्स का येत नाही? आईने खरं तेच सांगितलं, मी नको म्हटलं होतं. कावेरीने ॲम्ब्युलन्स बोलावली, हयवदनरावांना हॉस्पिटलात नेलं, तिथे इंजेक्शन दिल्यावर ते शांत झाले आणि पहाटे गेले. "त्यानंतर ती माझ्याशी बोलत नाही," बाई म्हणाल्या. "तेराव्याला आली, सगळं केलं, वाढलं, निघाली. एकच वाक्य बोलली. तुला गप्पा हव्या होत्या म्हणून अप्पांनी सोसलं, म्हणाली. खरं आहे असंच मला वाटत होतं. मी लावला तर उचलत नाही. तुझ्या फोनवरून लाव."

कस्तुरीने नंबर लावला. बाई अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या साडीला उन्हात वाळलेल्या कापडाचा वास होता. पलीकडून आवाज आला, "हलो, यारु?" कस्तुरीने नाव सांगितलं, संस्थेचं नाव सांगितलं. मराठीत बोलू का विचारलं. मग तिने पुन्हा सगळं सांगितलं, घर नंबर, रेघ, यादी, मेसेज, सकलेशपूर. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. पण पलीकडची बाई मधेच थांबवून विचारत होती, कुठल्या तारखेपासून, कळलं कधी, दुसऱ्या किती जणांचं झालं, आणि कस्तुरी उत्तर देत होती, आणि प्रत्येक उत्तराबरोबर ते आणखी साधं, आणखी क्षुल्लक दिसत होतं. प्रश्न संपले. कावेरी म्हणाली, "तुम्हाला समजतंय का तुम्ही काय केलंत?"

"हो," कस्तुरी म्हणाली.

"नाही समजत. तुम्ही तिथे नव्हता." आणि मग फोनवर नुसता श्वास ऐकू यायला लागला, अडखळत, आणि कस्तुरीला उमगलं की हा राग तिच्यावरचा उरलेला नाही. कावेरीला आता आईशी बोललेलं ते वाक्य आठवत असणार. आपण सांगितलं म्हणून काही संपलं नाही, ते इथून उठून म्हैसूरला जाऊन बसलं. "आई आहे तिथे?" कावेरीने शेवटी विचारलं. कस्तुरीने फोन पुढे केला.

श्यामलाबाईंनी तो दोन्ही हातांत धरला, कानाला लावला. मग म्हणाल्या, "ऊट झालं का गं, जेवलीस?" तिकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. "नाही नाही, रडू नको. सरी, सरी, असू दे. ऐक," त्या म्हणाल्या, आणि फोन घेऊन आत गेल्या, जिथे बेड होता त्या खोलीत, आता रिकाम्या झालेल्या खाटेवर बसल्या. दार उघडंच होतं. त्या मुलीला त्या दिवसांबद्दल सांगायला लागल्या. आधी कुणाला सांगितलेलं नसणार, कारण त्या सांगताना मागेपुढे जात होत्या, पुन्हा दुरुस्त करत होत्या. हे कसे कुशीवर वळवायला लावायचे आणि वळलं की पुन्हा वळवा म्हणायचे. पाण्याचा ग्लास कसा दातांनी धरायचे. एकदा दुपारी खिडकीशी नेऊन बसवलं तर रस्त्यावरच्या माणसांना हाक मारायला लागले, ओळख नसलेल्यांना, आणि कुणी वर बघितलं नाही. एकदा त्यांनी विचारलं, श्यामला, मी कुणाचं काय केलंय? एकदा जरा बरं वाटलं तर तुंगभद्रेकाठचा कुठलासा मुक्काम सांगत बसले, घाम पुसत पुसत, सगळा सांगितला.

जिन्याखालून पवित्राची हाक आली. ऑटो मिळाला होता. कस्तुरीचा फोन आत त्या बाईच्या कानाशी होता. तो मागून घेणं शक्य नव्हतं, आणि तिला तो मागायचाही नव्हता. ती उठून गॅलरीत गेली. खाली ऑटोत एअर बेडची गुंडाळी उभी करून पवित्रा शेजारी बसली होती आणि वर बघत होती. कस्तुरीने हाताने खूण केली, तू जा. पवित्रा क्षणभर तशीच बघत राहिली, मग तिने ड्रायव्हरला काही सांगितलं आणि ऑटो निघाला. कस्तुरी आत आली, त्याच खुर्चीवर बसली. आतून श्यामलाबाईंचा आवाज येत होता, आणि ती ऐकत राहिली.